एक लाख तीन

मीठमसाला लावायची मला सवय नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं. भाऊजींचे हात बघितल्यावर माझीही शंका घ्यायची हिंमत झाली नाही.

मागच्या वर्षीचा एक रविवार. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन. ऑफिसात दोघंच, ताई आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी.

ताई मेसेजिंगचे सर्व्हर सांभाळते. ओपन सोर्स प्रकरण, म्हणजे सॉफ्टवेअर फुकट आणि निस्तरायला आपण. सोमवारपासून दहा हजारांच्या जागी एक लाख माणसं त्यावर येणार होती. ताई वर तिसऱ्या मजल्यावर. भाऊजी तळघरातल्या मशीनरूममध्ये, लोखंडी रॅकमध्ये नवी मशीन बसवत होते. तिथे फोनला रेंज नाही, फक्त वायफाय. म्हणून दोघं याच सर्व्हरवरून मेसेज करत होते.

त्याच मशीनरूममध्ये वर्षभरापूर्वी अण्णा गेले होते.

अण्णा म्हणजे तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. ताईला कामाला लावलं त्यांनीच. तिला ‘पोरी’ म्हणायचे. सगळ्या ऑफिसात एकटे तेच.

सर्व्हर प्रत्येक फोनला मधूनमधून विचारतो, आहेस का? उत्तर आलं नाही की तो माणूस मेला असं धरून त्याला तोडतो. आधी उत्तरासाठी दोन मिनिटं थांबायचा. ताई पहिल्यापासून घोड्यावर बसलेली. त्याच मशीनवर जास्त माणसं मावावीत म्हणून तिने ती दोन मिनिटं दहा सेकंदांवर आणली.

"पोरी, माणसाला श्वास घ्यायला तरी वेळ दे," अण्णा म्हणाले होते.

ताईने हसण्यावारी नेलं.

आठवड्याभरात अण्णांवर रॅक कोसळला. छातीचा पिंजरा चेपला. लोखंडाखालून त्यांनी कसाबसा मेसेज केला, ‘रॅक पडलाय. ये.’ पण तळघरातल्या मरतुकड्या वायफायवरून त्यांच्या फोनचं उत्तर दहा सेकंदांत पोचेना. सर्व्हर त्यांना तोडत राहिला. तो मेसेज ताईला तीन तासांनी मिळाला. तोवर सगळं संपलं होतं.

कुणीही तिच्याकडे बोट दाखवलं नाही. कारण ते दहा सेकंद कुणाला माहीतच नव्हते.

तर त्या रविवारी बाकी सगळ्यांसाठी सर्व्हर बंद ठेवून ताईने चाचणीसाठी एक लाख खोटे युजर सोडले. एक लाख ते, एक ती, एक भाऊजी. एक लाख दोन.

स्क्रीनवर आकडा आला...

एक लाख तीन.

तिने यादी चाळली. एका ओळीत नावाची जागा रिकामी होती. तिने भाऊजींना लिहिलं, ‘अरे, एक जास्त दिसतोय.’

उत्तर लगेच आलं. ‘काढ त्याला.’

तिने ती ओळ तोडली.

खालून आवाज आला... धप्प.

जमीन हलली. आकडा एक लाख दोन झाला, आणि पुन्हा एक लाख तीन.

‘काय पडलं रे?’

‘खोकं. चालू ठेव.’

तिने पुन्हा तोडलं.

धप्प.

या वेळी आवाजामागून एक ओलं कण्हणं ऐकू आलं. ताईला वाटलं, पंख्यात काहीतरी अडकलंय. हे सांगताना ती आजही स्वतःच्या तोंडात मारून घेते.

तिने तिसऱ्यांदा तोडलं.

आणि मग... किंकाळी.

माणसाची. तळघरातून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आलेली.

‘काय झालं???’ तिने लिहिलं.

उत्तर त्याच क्षणी आलं.

‘उडव, पोरी.’

ताईची पाचावर धारण बसली.

जास्तीचा माणूस कुठून जोडलाय, ते तिने आता बघितलं. हे आधी बघायला दहा सेकंद लागले असते.

मशीनरूमचं वायफाय. भाऊजींचा फोन.

म्हणजे ती तोडत होती ते भाऊजींनाच. मग त्यांच्या नावाने हे लिहितंय कोण...

‘उडव.’

‘उडव.’

‘उडव.’

ती जिन्यावरून पडत-झडत खाली धावली.

भाऊजी रॅकच्या पायाशी पडले होते. वीस-वीस किलोची तीन मशीन त्यांच्यावर आली होती. पहिलं उजव्या हातावर. दुसरं डाव्यावर. बोटांचा नुसता चेंदा. तिसऱ्याने बरगड्या आत घुसवल्या होत्या. फरशीभर रक्त. आणि वर, उरलेल्या मशीनसकट अख्खा रॅक त्यांच्या छातीवर झुकून... थांबला होता.

तिने त्यांना बगलेत धरून ओढलं. पाय बाहेर आले, आणि रॅक कोसळला.

नंतर तपासणीला आलेल्या माणसाने डोकं खाजवलं. तिन्ही मशीनचे स्क्रू रॅकला घट्ट बसलेले होते. एकही निघाला नव्हता.

भाऊजींच्या फोनवर एकच न गेलेला मेसेज होता. ‘रॅक हलतोय. ये.’

भाऊजी वाचले. हात मात्र कामातून गेले. आता ते लिहू शकत नाहीत, सगळ्यांना आवाजाचे मेसेज पाठवतात. ताईने ते दहा सेकंद परत दोन मिनिटं केले. आकडा अजूनही एकने जास्त असतो. कुणालाही तोडायला ती हात लावत नाही. सर्व्हरने आहेस का विचारलं की त्या रिकाम्या नावाकडून पटकन उत्तर येतं.

आहे.

हे सगळं मी आज का लिहितोय?

मघाशी भाऊजींच्या नंबरवरून मला मेसेज आला. आवाजाचा नाही. लिहिलेला.

‘पोरगी घरी आहे का?’

ताईला फोन लावतोय. दहा वेळा लावला. अजून उचललेला नाही.