पट्ट्याची उंची

लग्नानंतर बरीच वर्षं मी पुतळ्यांना रंग लावायचं काम केलं. हसू नका. गाड्यांच्या कारखान्यात एक लांबलचक शेड होती आणि तिच्या टोकाला काँक्रीटची जाड भिंत. नवी गाडी ओढत आणून त्या भिंतीवर आपटायची, एवढाच तिथला उद्योग. आत माणसाच्या मापाचे रबरी पुतळे पट्टा लावून बसवायचे. मी त्यांच्या कपाळाला ओला लाल रंग फासायचे आणि गुडघ्यांना निळा. आपटल्यावर गाडीत जिथे लाल लागला तिथे डोकं फुटणार, जिथे निळा तिथे गुडघे.

सासूबाई शेजारणींना सांगायच्या, आमची सून मेकअप करते. मी म्हणायचे, हो ना, आणि माझं एकही गिऱ्हाईक तक्रार करत नाही.

पुतळे सगळे पुरुषी. रुंद खांदे, लांब माना. बाईच्या मापाचा एकही नव्हता. कुणाला सुचलंच नव्हतं.

एका वर्षी एक छोटी गाडी बाजारात यायची होती. दिसायला इतकी गोड, की माझ्या धाकट्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने आधीच नंबर लावून ठेवला होता. मला त्या गाडीचं म्हणूनच जास्त कौतुक.

पहिली गाडी आपटली. बॉनेटचा चुरगळलेला कागद झाला, काचेचा चुरा पार दारापर्यंत उडाला. मी फडकं घेऊन आत वाकले. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या पार खालच्या कडेला एक डाग होता. पिवळा.

माझ्याकडे पिवळा रंग नव्हताच. आणि पुतळ्याचं डोकं एवढ्या खाली येत नाही.

इंजिनियरसाहेब माझ्यावरच उखडले. म्हणाले, बाई, रंग लावताना जरा हात आवरत जा. डाग पुसून घेतला आणि मग फोटो काढले. आमच्याकडे तसंच चालायचं, पुतळ्याचा नाही तो रंग घाण समजून आधी पुसायचा.

दुसऱ्या गाडीच्या वेळी रंग लावल्यावर मला काचेपलीकडे उभं केलं. दणका छातीत बसला. वेल्डरला बोलावून दार कटरने कापून काढावं लागलं.

डाग तिथेच होता. आणि या वेळी पट्ट्याच्या कडेत एक लांब काळा केस अडकलेला. आमचे पुतळे सगळे टकले.

वेल्डरने डागाची उंची माझ्याशी ताडून पाहिली आणि हळूच म्हणाला, "वहिनी, तुमच्याच उंचीची आहे कुणीतरी."

मी त्या सीटवर बसले. पट्टा ओढून लावला. तो खांद्यावर आलाच नाही, थेट गळ्यावर आला. बूड पुढे सरकवून मान खाली घातली, तर कपाळ बरोबर त्या डागावर टेकलं. रंग अजून ओला होता.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, गाडी पास झाली आहे.

बहीण माझ्याच उंचीची, बोटभर कमीच. तशीच तिच्याकडे गेले. त्या गाडीत बसू नकोस म्हटलं, पट्टा गळा कापेल. कशावरून, म्हणाली. मी डाग सांगितला, केस सांगितला. आता थापा मारायची माझी ख्याती तेव्हाही होतीच. ती पोट धरून हसली.

"ताई, गेल्या खेपेला तुझा पुतळा शिंकला होता. आज त्याला केस आले. पुढच्या खेपेला त्याचं लग्न लावून टाक."

मी शपथा घातल्या. ती आणखी हसली.

गाडी आली. ते दोघं तेव्हा नवं घर स्वतःच रंगवत होते. ब्रश कमी पडला म्हणून दुकानात निघाले आणि वळणावर ट्रकवर आदळले. वेग फार नव्हता. गाडी चालवणाऱ्या मेहुण्यांना नुसतं खरचटलं. पट्ट्याने तिचा गळा एका कानापासून पुढे उघडला होता, आतलं पांढरं दिसत होतं.

चादर मीच बाजूला केली. कपाळ फुटलेलं. रक्ताच्या कडेकडेने पिवळा ऑइलपेंट.

"बैठकीच्या भिंतीचा आहे," मेहुणे म्हणाले.

मग आणखी बुटक्या बायका गेल्या. एकीचा जबडाच निघून आला. पेपरवाल्यांनी गाडीला गळेकापू नाव ठेवलं, लोकांनी गाड्या परत आणून कारखान्याच्या दारात उभ्या केल्या. तेव्हा कुठे साहेबांना बायका दिसल्या. माझं माप घेऊन एक बुटका पुतळा केला. मीच त्याला रंग लावला. आपटला, तर मुंडकं तुटून मागच्या सीटवर पडलं, तोंड आमच्याकडे.

त्यानंतर गाडीत दाराजवळच्या खांबावर सरकती कडी बसली, पट्टा वरखाली करायची. ती बसवून गाडी आपटली, आणि डाग नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र आत वाकून शोधतच राहिले.

परवा नातीने नवी गाडी घेतली. मी पुढे बसत नाही, मागे बसले. निघालो आणि टुंग टुंग सुरू झालं. आता ही नवी सोय आहे, सीटवर माणूस असेल आणि पट्टा लावला नसेल की वाजतं. नातीने पट्टा लावला होता. तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

"सेन्सर गंडलाय गं आजी," ती म्हणाली.

मी तिला गाडी कडेला घ्यायला लावली. उतरले, पुढचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून लावला. कडी पार खालपर्यंत सरकवली.

टुंग टुंग थांबलं.

मी मागे येऊन बसले. गाडी निघाली. पट्टा सीटला टेकला नव्हता. मधे एका बाईएवढी जागा सोडून तो ताणलेला होता, आणि प्रत्येक वळणाला थोडा नातीकडे झुकत होता.