एडसेलचा कोरडा दिवस

"पाय! पाय बघ तुझे!"

मिरेल्वाने हातातला मॉप आडवा धरला, पण उशीर झाला होता. नुकत्याच पुसलेल्या लाल फरशीवर एक उंच, काळासावळा, डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा माणूस उभा होता. पाण्याखाली जायचा रबरी पोशाख त्याने कमरेपर्यंत उतरवला होता आणि वर तो खुशाल हसत होता.

"खोल्या मिळतात ना इथे?"

"माणसांना मिळतात. माशांना नाही."

हसणं आणखी रुंद झालं. मिरेल्वाने मॉप त्याच्याच हातात दिला. "आधी पूस. मग बोल."

त्याने खरंच पुसलं. अगदी कोपऱ्यापर्यंत. मग सांगितलं की आपण एडसेल, रिन्कॉन गावच्या विंकलारांचा. बरीच वर्षं दुसऱ्या बेटावर होतो, आता इथे पाहुण्यांना बुडी मारायला नेतो. त्याच्याकडे एक डच जोडपं आलं होतं. नवरा दिवसभर पाण्याखाली. बायको, आनेलीसबाई, पाण्याला घाबरणारी. हॉटेलच्या खोलीत बसून बसून ती रडकुंडीला आली होती.

"तिला काय दाखवावं, मला सुचेना. इथे पाण्याबाहेर आहे काय?"

झालं! मिरेल्वाच्या वर्मावरच बोट ठेवलं त्याने. कॅरिबियनमधल्या ह्या बोनेअरवर येणारा जो तो समुद्रात उडी टाकायला येतो, चार दिवस मासे बघतो आणि बेट न बघताच परत जातो. ह्या बुडी मारणाऱ्या लोकांना ती पाण्यात पाहायची, असं म्हणायला हरकत नाही. मावशीच्या ह्या सहा खोल्यांच्या घरात ती पाहुण्यांना नुसती खोली द्यायची नाही. न बुडणाऱ्यांसाठी अख्ख्या दिवसाचा बेत आखून द्यायची.

"उद्या सात वाजता तिला सामानासकट घेऊन ये," ती म्हणाली. "आणि येताना कोरडा ये."

आनेलीसबाई आठवडाभर राहिल्या. खारफुटीतून होडी वल्हवली, गाढवांना गाजरं भरवली, निवडुंगाचं सूप दोनदा मागून घेतलं. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तू एकटा बुड, मी हिच्याकडे राहते."

त्यानंतर मात्र एक नवलच सुरू झालं. एडसेलच्या पाहुण्यांचे कान दुखायला लागले. कानाला दडा बसला की डॉक्टर बुडी मारू देत नाहीत, त्यामुळे दर दोन दिवसांनी तो एखाद्या कानवाल्याला घेऊन मिरेल्वाच्या टेबलापाशी हजर! बेत ठरेपर्यंत स्वतः खुर्ची ओढून बसायचा. चिंचेचं सरबत प्यायचा. एक ग्लास संपला की दुसरा...

ओफेलियामावशी आतून सगळं बघत होती. एकदा तिने एका धडधाकट कॅनडावाल्याला विचारलंच, "कुठला कान रे दुखतो बाबा?"

तो गोंधळला. आधी डावा धरला, मग उजवा. "एडसेल म्हणाला, एक दिवस जमिनीवर काढ, फार मजा येते..."

मिरेल्वाचे गाल तापले. एडसेल ग्लासच्या तळाशी काहीतरी शोधत राहिला.

"तरीच मी म्हणते," मावशी म्हणाली, "ह्या पोराच्या हाताखाली इतके कान कसे बिघडतात!"

सगळं असं छान चाललेलं असताना एका मंगळवारी तो एकटाच आला. पाहुणा नाही, कान नाही.

"हॉलंडला चाललोय," तो म्हणाला. "रविवारी दुपारचं विमान. तिथे एका मोठ्या तलावात बुडी मारायला शिकवायचं आहे. छपराखालचा तलाव... गरम पाणी."

"मासे?"

"नाहीत."

"मग बघणार काय, फरश्या?"

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. जाऊ नकोस, एवढे दोन शब्द मिरेल्वाच्या ओठांवर आले होते. पण चांगली नोकरी चालून आलेल्या माणसाला असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि कोणत्या नात्याने?

"शनिवारी माझा कोरडा दिवस," तो म्हणाला. "बेत आख. माझ्यासाठी."

कोरडा दिवस म्हणजे दारूचा नव्हे, पाण्याचा. बुडी मारली की पुढचा एक दिवस विमानात बसता येत नाही, जिवाशी खेळ होतो. म्हणून जाणारा प्रत्येक जण शेवटचा दिवस जमिनीवर काढतो. मिरेल्वाच्या धंद्याचा निम्मा जीव त्या दिवसात होता. पण हा एक बेत आखताना तिने चार कागद फाडले.

शनिवारी त्याने बेट पाहिलं. तळ्याकाठी रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा उडाला तेव्हा तो जुन्या गाडीच्या टपावर चढला. मिठागरांतलं गुलाबी पाणी बघून म्हणाला, "मी रोज ह्या रस्त्याने जातो ग! कधी मान वळवली नाही."

"तुझी मान कायम पाण्यात."

"आता वळवली आहे," तो म्हणाला. आणि मिठागराकडे बघत नव्हता.

रिन्कॉनला त्याच्या आजीच्या ओळखीच्या बाईकडे दोघांनी बोकडाचं कालवण खाल्लं. रश्शाचा थेंब तिच्या हनुवटीवर होता. त्याने बोट पुढे केलं, मध्येच थांबवलं आणि रुमाल दिला. परत येताना वाऱ्याने तिचे केस त्याच्या खांद्यावर उडत होते. तिने ते बांधले नाहीत.

फाटकापाशी त्याने बेताचा कागद उलटसुलट केला. "यादीत... अजून काही राहिलंय?"

हीच वेळ होती. मिरेल्वाने तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "यादी संपली."

त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि तो गेला. मिरेल्वा स्वतःवर इतकी चिडली की तिने जेवणाला हात लावला नाही.

रविवारी सकाळी ती उगाचच, स्वच्छ असलेली फरशी पुसत होती. नऊ वाजले. दहा वाजले. विमानाची वेळ जवळ येत होती आणि तिचा हात त्याच एका जागेवर फिरत होता. तेवढ्यात थपथप पावलं वाजली.

दारात एडसेल. डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा.

"तू... पाण्यात गेलास?"

"सहज पाय बुडवायला."

"किती खोल?"

"वीस मीटर."

"वेडा आहेस का? आज विमानात बसता येणार नाही तुला!"

"हो ना," तो गंभीरपणे म्हणाला. "पंचाईत झाली."

"मग उद्या?"

"उद्या सकाळी पुन्हा बुडी. परवाही. तू सांगेपर्यंत."

"काय सांगेपर्यंत?"

"यादीत जे राहिलं होतं ते. काल तुझं तोंड उघडलं होतं, मिरेल्वा. पाण्याखाली आम्ही बोलत नाही, चेहरेच वाचतो." त्याने कपाळावरून ओघळणारं पाणी पुसलं. "मी चुकीचं वाचलं असेल तर... तेही सांग."

"आणि नोकरी? त्या नोकरीवर पाणी सोडलंस?"

"काल रात्रीच कळवलं. तिथल्या तलावाला जमीनच नाही म्हटलं. नुसता काठ."

तिला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. त्याच्या पायांखाली पाण्याचं तळं साचत होतं. ते बघून त्याने मुकाट्याने मॉपसाठी हात पुढे केला. मिरेल्वाने मॉप मागे घेतला, भिंतीला टेकवला आणि त्याचा ओला हात हातात घेतला.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय? फरशी?"

"फरशी राहू दे. आणि... तूही राहा."