तिसऱ्या गठ्ठ्यातला नवरा

रश्मीच्या अंगावर माराचे अकरा डाग होते. पाठीवर सात, दंडांवर चार. पाच जांभळे, तीन हिरवट, तीन पिवळे. चेहऱ्यावर एकही नाही.

निकिताने ते कार्डावर उतरवले. बी.एस्सी. झाल्यावर ती सावेडीतल्या महिला केंद्रात लागली होती. मारणाऱ्या नवऱ्यांच्या कार्डांचे तिने तीन गठ्ठे केले होते. पहिल्यात, समोर येईल त्याला मारणारे. दुसऱ्यात, फक्त भांडणाच्या भरात हात उचलणारे. तिसऱ्यात, बायकोवर पाळत ठेवणारे.

हवालदार भाऊसाहेब मात्र सगळ्यांच्या तोंडाचा वास घेऊन निकाल लावत.

"पायऱ्यांवरून पडले," रश्मी दवाखान्यातल्या खाटेवरून एवढंच म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा आदिनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "छगननं ढकललं, मॅडम. माझा धाकटा भाऊ. काल पिऊन आला होता. घराची अब्रू म्हणून ती बोलत नाही."

छगन बाकावर बसला होता. "पितो मी. बायकूला मारलंय, शेजाऱ्याला मारलंय, बैलालाबी मारलंय."

"बैलाची तक्रार नाही आली अजून," भाऊसाहेब म्हणाले. "चल."

"पन वैनीला हात न्हाई लावला. कालच पारनेरहून आलोय मी."

"थांबा, भाऊसाहेब." निकिता आदिनाथकडे वळली. "काल रश्मीताई शाळेतल्या नोकरीवरून किती वाजता घरी आल्या?"

"पाच वाजून दहा मिनिटांनी. सात पूर्णांक दोन."

"दोन काय?"

"किलोमीटर. तिची स्कूटी. शाळेत जाऊन-येऊन सहा पूर्णांक चार होतात."

"रोज मीटर बघता?"

"नवऱ्यानं बघू नये?"

"जास्त कधीपासून भरतंय?"

"सोमवारपासून. रस्ता खोदलाय म्हणते. वरचे आठशे मीटर कुणाकडे जाते, ते विचारा की तिला."

निकिताने कार्ड भाऊसाहेबांपुढे धरलं. "आज शुक्रवार. डाग पिवळा पडायला तीन-चार दिवस लागतात. छगन कालच आलाय. शिवाय तो मारताना जागा निवडत नाही. इथं अकराच्या अकरा डाग कपड्याखाली आहेत. चार दिवस, रोज थोडं. मारणारा शुद्धीत होता, आणि घरातच होता."

आदिनाथने नाकारलं नाही. "मग ती जाते कुठं, ते सांगा."

भाऊसाहेब त्याला जीपकडे घेऊन गेले. रश्मी तेव्हा उठून बसली.

"मी त्या घरी जाणार नाही. लिहून घ्या." मग स्कूटीची किल्ली पुढे केली. "आणि ताई, एकदा तुम्ही मोजता?"

निकिताने मोजलं. शाळेअलीकडे गटारासाठी रस्ता खोदला होता, वाट मागच्या गल्लीतून होती.

घर ते शाळा आणि परत: सात किलोमीटर दोनशे मीटर.