राहाटे सरांची खाऱ्या पाण्याची टाकी

सहायक पोलीस निरीक्षक तेजस्वी शिवगण हिने रविवारचा चहा तोंडाला लावला आणि फोन वाजला. मिऱ्या गावात खून झालाय, आणि लोक खुन्यालाही जिवंत सोडणार नाहीत, असं पलीकडून कुणी ओरडत होतं. चहा तसाच राहिला.

जीप पोचली तेव्हा राहाटे सरांच्या अंगणात सखाराम लोळागोळा होऊन पडला होता. साठीचा माणूस, सरांची बाग आणि माशांची टाकी सांभाळणारा. दात पडलेले, एक डोळा मिटलेला, बरगड्यांवर चपलांचे ठसे. भोवती चार शेजारी धापा टाकत उभे होते, जणू पुण्यकर्म करून दमले होते. सगळ्यांच्या पुढे सरांचा चुलतभाऊ केतन, डाव्या हातात काठी.

"ह्याच्या सदऱ्यावर रक्त आहे, मॅडम. ह्यानेच मारलंन दादाला!"

"काठी खाली," तेजस्वी म्हणाली. सखारामला तिने आधी इस्पितळात धाडलं आणि मग ती आत गेली.

विनीत राहाटे सर पालथे पडले होते. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. हौस एकच, घरात समुद्र पाळायची. सहा फुटी काचेच्या टाकीत निळ्या उजेडात प्रवाळ डुलत होते, नारिंगी मासे फिरत होते, तळाशी खडक रचलेले होते. आणि टाकीखाली सरांची कवटी मागून फुटलेली. घाव एक नव्हता, चार-पाच होते. रक्त आणि खारं पाणी लादीवर एक झालं होतं.

हवालदार भागोजीने घर, विहीर, परसातली माडाची आळी सगळं धुंडाळलं. हत्यार सापडलं नाही.

अकराच्या सुमारास सरांची बायको रेणुका सावर्ड्याहून माहेरच्या माणसांबरोबर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"काल बोलणं झालं होतं?"

"रात्री फोन केला होता त्यांनी. कुणीतरी समुद्रातलं प्रवाळ फोडून विकतंय, सोमवारी वनखात्यात तक्रार देतो म्हणाले."

"नाव सांगितलं?"

"नाही. घरातलंच माणूस आहे, आधी समजावून बघतो, एवढंच म्हणाले."

मग केतन. पर्यटकांना बोटीने फिरवायचा. उजव्या हाताला त्याने रुमाल गुंडाळला होता.

"सकाळी कुठे होतास?"

"जेटीवर. बोट धूत होतो. आठला इकडे आलो तर सखाराम दादाला धरून बसलेला."

"हाताला काय झालं?"

"काल काजू भाजताना तेल उडालं."

"बघू."

त्याने रुमाल सोडला. तळवा आणि बोटं लालभडक, सुजलेली. तो सारखा हात पँटला घासत होता. जबाबावर सही उजव्याच हाताने केली, पण पेन दोनदा सुटलं. तेजस्वीने तो तळवा नीट बघून घेतला. तिच्या आईची पंचवीस वर्षं काजूच्या कारखान्यात गेली होती.

दुपारी ती सखारामजवळ बसली. त्याला श्वास घेतानाही कळ येत होती.

"मी नाय ओ मारलं, मॅडम. सायबांना उचलाया गेलो, तेवा रगत लागलं. माज्या गंगाला सांगा. लेक हाय माजी, पोफळी गावाला दिलीय. बाप खुनी म्हनून तिला तिकडं कोन जगू देल?"

"सांगते, काका. पण मला मदत करा. रोज टाकी बघता ना? काही वेगळं दिसतंय?" तिने मोबाईलवरचा फोटो पुढे धरला.

उघड्या डोळ्याने तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्यो मधला दगड उलटा हाय. जांभळी बाजू वर पायजे, उजेडाकडं. पांडरी खाली. कोनी ठेवलान असा?"

"तुम्ही नाही?"

"छ्या! त्या दगडात केसाळ किडा हाय, सुरवंटावानी. हातमोजं घातल्याबिगर सायब पन हात नाय लावायचे. केस घुसले की हात टरारून सुजतो."

तेजस्वी ताडकन उठली.

चारला ती परत मिऱ्याला आली. अंगणात केतनसकट सकाळचीच माणसं जमली होती, तमाशाला बघ्यांचा काय तोटा? भागोजीने जाड हातमोजे घालून मधला दगड बाहेर काढला. उलटवला. जांभळ्या बाजूच्या भोकांत रक्त गोठलं होतं आणि सरांचे पिकलेले केस अडकले होते.

"पाण्यात टाकलं की सगळं धुतलं जातं, असं वाटलं ना केतन?"

"मी? माझा काय संबंध?"

"प्रवाळ फोडून विकणारा तू. सर सकाळी तुला समजावत होते, तू टाकीतला दगड उचललास. समुद्रात फोडताना हातमोजे घालतोस, रागात कोण घालतं? किड्याचे केस तळव्यात घुसले. दगड परत ठेवलास, पण उलटा. टाकी सांभाळणारा अशी चूक करणार नाही. तोडणाऱ्याला कुठली बाजू उजेडाला हवी, ते काय ठाऊक!"

"हात काजूच्या तेलाने..."

"काजूचं तेल कातडी काळी करतं, सालपटं काढतं. माझ्या आईची बोटं मी जन्मभर बघितलीत. डॉक्टर तुझ्या तळव्यातून चिमट्याने किड्याचे पांढरे केस काढतील, थांब. उजव्या हाताने सही करणारा तू, सखारामला डाव्या हाताने का बडवत होतास? कारण उजवा मिटत नव्हता. आणि तो मेला असता, तर दगडाबद्दल सांगणारं कुणी उरलंच नसतं."

केतनने फाटकाकडे धाव घेतली. भागोजीने त्याला कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटलं. ओठ फुटला तरी तो ओरडत होता, "चार दगडांसाठी भावाला तुरुंगात घालणार होता तो!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तेजस्वीच्या डोक्यात तिडीक गेली.

"टाळ्या कसल्या वाजवता? तुम्हीही जीपमध्ये बसा. चौघंही."

"आम्ही काय केलं?" शेजारच्या आनंदीबाई पुढे आल्या. "केतन म्हणाला म्हणून मी नुसती काठी दिली हो. आम्हाला काय माहीत, म्हातारा निर्दोष आहे!"

"माहीत नव्हतं, म्हणूनच हात उचलायचा नव्हता."

तेवढ्यात भागोजीचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याने टोपी काढली. "मॅडम, इस्पितळातून. सखाराम गेला. बरगडी फुप्फुसात घुसली होती."

आनंदीबाई मटकन पायरीवर बसल्या.

"पोफळीचा नंबर लावून दे, गंगाशी मीच बोलते," तेजस्वी म्हणाली. "आणि भागोजी, ह्यांचं मारहाणीचं कलम खोड. दुसऱ्या खुनाचे आरोपी हे आहेत."