मागच्या फळीचा आवाज

मी समुद्रकाठच्या डोंगरी गावाला गेले होते ती भांडायला.

बाबांनी रिटायर झाल्यावर आईला न विचारता एका बंद पडलेल्या रिसॉर्टची वीस वर्षं जुनी फायबरची स्पीडबोट विकत घेतली. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या आमच्या घरात चार दिवस अबोला नांदला. बोट दुरुस्तीला डोंगरीच्या कुणा स्वरूपकडे दिली होती. बाबांना अशी स्वप्नं दाखवणाऱ्या त्या माणसाला चार शब्द सुनावायचे, एवढं ठरवून मी रविवारी सकाळी बसमध्ये बसले.

बोट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले.

"एक्सक्यूज मी!" पाय ढिम्म. "ओ दादा!" अंगठा तेवढा मजेत हलत होता. शेवटी मी छत्रीच्या टोकाने त्याला टोचलं.

तो सरपटत बाहेर आला. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर फायबरची पांढरी पूड... आणि त्या सगळ्या पांढऱ्यातून दोन काळेभोर डोळे माझ्याकडे असे बघत राहिले, की तयार करून आणलेले चारही शब्द मी विसरले.

"हरिश्चंद्र काकांची समिधा ना? भांडायला येणार हाय, असं काका बोलले होते."

"मग... भांडून झालं असं समजा."

तो हसला. झालं. तिथेच माझं काम बिघडलं!

"बोट वाईट न्हाय, मॅडम. पण फायबरच्या आत लाकूड असतं. ते पाणी प्यायलंय." त्याने लहान हातोडी घेतली. "कोरडं असलं तर असं..." टण्. "सडलं तर असं..." भद्. भद् वाजलं तिथे खडूने गोल. प्रत्येक ठोक्याला तो डावा तळवा शेजारी टेकवायचा आणि डोळे मिटायचा. मी त्या मिटलेल्या पापण्या बघत बसले. बघायला हवा होता तळवा. कान तपासणं हा माझा रोजचा धंदा आहे हो! मीरा रोडच्या क्लिनिकमध्ये मी दिवसभर लोकांना हेडफोन लावत असते.

पुढचे पाच रविवार मी डोंगरीलाच उगवले. बोटीचा तळ कापून निघाला, काळं मऊ लाकूड चमच्याने खरवडावं तसं निघालं, नवा प्लाय बसला. चिकट रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या मॅटवर रोलर फिरवायला त्याने मला शिकवलं.

"हळू... बुडबुडा राहिला तर तिथूनच फाटेल."

"सगळ्यांना इतक्या जवळ उभं राहून शिकवता?"

"न्हाय. बाकीच्यांना लांबून ओरडतो."

समुद्रावरून वारा यायचा, रेझिनचा तो उग्र गोड वास डोक्यात भिनायचा, आणि दुपार कशी सरायची कळायचंही नाही. मी कुठेही उभी राहिले तरी तो फिरून मला उजव्या हाताला घ्यायचा. डावीकडून हळू काही बोललं, तर नुसता गोड हसायचा. किती गूढ माणूस, असं मला वाटायचं. प्रेमात पडलं की शिकलेलंही सगळं बुडतं.

सहाव्या रविवारी बोट निळी झाली होती. दुसऱ्या दिवशी इंजिन लागणार होतं आणि पुढच्या रविवारी, लग्नाच्या वाढदिवशी, बाबा आईला खाडीत फिरवणार होते. इंजिन जिच्यावर टांगतात ती मागची फळी स्वरूपने तपासून पास केली होती.

मी सहज हातोडी उचलली. टण्. टण्. टण्... भद्.

खालचा कोपरा, जुन्या ठिगळाखाली. पुन्हा ठोकलं. भद्.

"ऐकलंत?" मी विचारलं. मी त्याच्या डावीकडे होते. तो गोड हसला.

न हललेले पाय, टेकवलेला तळवा, उजवी बाजू... सगळं एकदम समजलं. बोलले, तर हा माणूस कदाचित पुन्हा तोंड दाखवणार नाही. ऐकू न येणाऱ्या मिस्त्रीकडे बोट कोण आणेल? आणि नाही बोलले, तर पोहता न येणारे माझे आईबाबा त्या सडक्या कोपऱ्याच्या भरवशावर पाण्यात जातील.

मी फिरून त्याच्या उजवीकडे गेले. "स्वरूप... डावा कान कधीपासून?"

त्याचा चेहरा उतरला. "कोण बोललं?"

"फळी बोलली."

"दहा वर्षं ग्राइंडर कानाशी हाय," तो म्हणाला. "आता उजव्यातूनपण बारीक आवाज निसटतात. पण हात ठेवला की कळतं मला. नेहमी कळतं."

"आज नाही कळलं."

ग्राइंडर लावून त्याने तो कोपरा उघडला. आतून काळं पाणी ओघळलं. तो मटकन खाली बसला. "काकांना मी फळी ठणठणीत हाय बोललो," एवढंच म्हणाला.

मग हात पुसून त्याने स्वतःच फोन लावला. "काका, चूक झाली माझी. मागची फळी सडकी हाय, माझ्या कानाला कळलं न्हाय. हो, कानाला. अजून पंधरा दिवस लागतील. दुसऱ्याला द्यायची तर द्या..."

बाबांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येतो. "पंधरा घे, वीस घे! पण तूच कर. हिची साडी तशीही अजून ठरतेय."

त्याने फोन ठेवला आणि समुद्राकडे तोंड करून डोळे पुसले. मीही पुसले, उगाच पूड गेल्याचं निमित्त करून.

"क्लिनिकला येईन," तो म्हणाला. "मशीन लागेल का कानाला?"

"बहुतेक लागेल. तोवर ठोकेन मी, खुणा करा तुम्ही."

ऊन कलेपर्यंत आम्ही अख्खी बोट पुन्हा वाजवली. मी ठोकायची, तो खडू धरायचा. शेवटच्या टोकाला तो वाकलेला असताना त्याचा डावा कान माझ्या ओठांशी आला... आणि मी भित्री! सहा रविवार साठवलेलं तिथेच, अगदी हळू सांगून टाकलं, आणि घाईने हातोडी चालवायला लागले.

खडू थांबला. त्याने सावकाश मान वळवली. कानापर्यंत लाल झाला होता.

"काहीतरी बोललीस. मानेला श्वास लागला." पहिल्यांदाच एकेरी. त्याने उजवा कान माझ्यापुढे केला. "आता इकडून सांग."

मी हातोडी खाली ठेवली, आणि सांगितलं.