कोळंबीची टरफलं

अंधाराची वाट न पाहता आलेली ही गोष्ट आहे. दुपारचे तीन वाजले होते. मागच्या दाराबाहेर समुद्राला ओहोटी होती आणि वहिनी मोठ्या पातेल्यात शिंपल्या उकडत होती.

नवरा असताना दरवर्षी याच दिवशी त्याचे तीन मित्र, डॉक्टर, मास्तर आणि फिटरभाऊजी, जेवायला यायचे. खेकडे, कोळंबी, शिंपल्या, पोट फुटेस्तोवर. गेल्या वर्षी याच जेवणातून उठून तो खडकांवर गेला आणि परत आला नाही. तो सापडला तिसऱ्या दिवशी. त्याच्यासोबतची बादली सापडलीच नाही.

आणि यंदा डॉक्टरांचा फोन. “वहिनी, परंपरा मोडायला नको. त्यालाही बरं वाटेल.”

त्याला बरं वाटेल! तिला कसं वाटेल, हे एकानंही विचारलं नव्हतं. तरी ती हो म्हणाली. तिला एकच गोष्ट ऐकायची होती.

या मंडळींचा एक नियम होता. ज्याच्या ताटात टरफलांचा ढीग सर्वांत मोठा, त्यानं बादली घेऊन खडकांवरून आणखी शिंपल्या आणायच्या. गेल्या वर्षी तिघांनी सांगितलं होतं, “ढीग त्याचाच मोठा होता. हसत गेला.” पण त्या दिवशीची ताटं तिनंच घासली होती. नवऱ्याच्या ताटातल्या ढिगात मूठभर कोळंबीची टरफलं होती. कोळंबी खाल्ली की त्याचा घसा सुजायचा. बारा वर्षांत त्यानं एकही तोंडात घातली नव्हती.

तिनं पाचवं ताट मांडलं, तेव्हा मास्तर हळूच म्हणाले, “हे कशाला आता?”

“तुम्हाला नडतंय का?”

फिटरभाऊजींनी कोळंबी ओढून घेतली. जेवण रंगलं, डॉक्टर विनोदही सांगू लागले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यांच्या ताटात कोळंबी कुठून आली होती?” तिनं विचारलं.

“खाल्ली असेल,” फिटरभाऊजी मान वर न करता म्हणाले. “किती दिवस तेच उगाळणार, वहिनी?”

ती लिंबं आणायला आत गेली. तिथूनच तिला ऐकू आलं. टक्. मग पुन्हा, टक्. चिनीमातीवर टरफल पडल्याचा आवाज.

ती बाहेर आली, तेव्हा तिघंही खायचे थांबले होते. फिटरभाऊजींच्या ताटात ढीग चढला होता.

“मास्तर, थट्टा पुरे,” ते म्हणाले.

“मी हातसुद्धा लावला नाही रे.”

“हात वर ठेवा सगळ्यांनी,” वहिनी म्हणाली.

सहा हात वर आले. खोलीत चिखलाचा, शेवाळाचा वास भरू लागला. टक्. ढिगावर आणखी एक टरफल आलं. ओलं, वाळूनं माखलेलं… आणि पाचवं ताट तसंच लख्ख.

फिटरभाऊजींनी ताट दूर लोटलं. “मीच सरकवली होती… माझी टरफलं, त्याच्या ताटात. या दोघांनी पाहिलं, हसले. त्याच्याही लक्षात आलं होतं, तरी उठला. भरती लागलीय, हे मला माहीत होतं, वहिनी. वाटलं, येईल…”

“आणि वर्षभर माझ्या तोंडावर खोटं बोललात. तिघंही.”

मास्तर निघायला उठले, मागच्या दाराशी गेले आणि तिथंच थबकले.

उंबऱ्यावर बादली होती. तिची कडी हाताला कापायची, म्हणून वहिनीनं स्वतः गुंडाळलेली लाल चिंधी अजून तिच्यावर होती. बादली रिकामी होती. पलीकडे पाणी खडकांवर चढू लागलं होतं.

“वहिनी,” फिटरभाऊजी पुटपुटले, “मला पाठवू नका…”

“मी कुठं पाठवतेय?” ती म्हणाली. “नियम तुमचाच आहे.”

तिनं बादली आत घ्यायला हात घातला. चिंधी ओली होती, पण गार नव्हती. कोणीतरी आत्ताच मुठीतून सोडल्यासारखी कोमट होती.

मागे ताटावर पुन्हा वाजलं. टक्.