अनवाणी पोरीचा व्हिडिओ

"खरं सांग, तुझ्या व्हिडिओतली ती पोरगी लस घेऊनच पडली का?"

दूध डेअरीच्या रांगेत किटली खाली ठेवून रोहिणीनं विचारलं. पैज तिच्या मैत्रिणीची, मनिषाची – "त्या शंभूराजला तोंडावर विचारून दाखव!" – आणि आता तीच मनिषा मागं ओढणीत तोंड खुपसून हसत होती.

शंभूराज दहावीतला, शेळगावात मामाकडं राहणारा. मोबाईल आडवा धरून काहीबाही टिपत हिंडायचा, अन् अख्खा तालुका ते बघायचा. त्यानं मान वळवली. डोळे असे की... जाऊ द्या!

"किती वेळा बघितलास?"

"मोजलं न्हाय. विचारलंय त्याचं सांग."

"लस घेऊन पडली. वर लिहिलंय की."

"लिहिलंय तूच!"

तो हसला, पण नजर मात्र दुधाच्या कॅनकडं पळाली. रोहिणीच्या मनात पाल चुकचुकली.

त्याच व्हिडिओनं घरात घोळ घातला होता. सोमवारी आरोग्य केंद्रात नववीच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस मिळणार होती, आजार व्हायच्या आधीच त्याला अडवणारी. रोहिणीची आत्या त्याच आजारानं गेलेली. तरी आईचं एकच, "नको बाई! ती पोरगी कशी धाडकन पडली, बघितलंस न्हवं?"

दुसऱ्या संध्याकाळी रोहिणीनं त्याला पुन्हा रांगेत गाठलं.

"तिच्या पायात चप्पल न्हवती."

"मग?"

"गणवेश हाय, रिबिनी हायत, अन् पाय अनवाणी. नवरात्राचा उपवास होता ना तिला?"

शंभूराज पुढं सरकायचंच विसरला. मागून सोनबा आजोबा ओरडले, "आरं ये, दूध नासंल की!"

"माझी आतेबहीण ती, राजनंदिनी. पणदऱ्याची," तो हळूच म्हणाला. "आठव्या माळेला कवायतीत पडली. लस घेतलीच न्हाय तिनं... लसीचं नाव टाकलं की व्हिडिओ पळतो."

"अन् माझी आई तोच बघून नको म्हणती!"

"काढून टाकतो."

"सगळ्यांच्या फोनात गेलाय तो. आता तोंडानं सांग – मी खोटं लिहिलं म्हणून."

"लोकं हसत्याल, रोहिणी..."

पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं. छातीत काहीतरी टुणकन उडालं.

"हसू देत. मी न्हाय हसणार."

रविवारी सकाळी नवा व्हिडिओ आला. शंभूराजनं चूक कबूल केली, अन् शेजारी राजनंदिनीनं त्याला चांगलं झापलं. रोहिणीनं तोही संशयानंच बघितला. मग सरळ आरोग्य केंद्र गाठलं.

"दंड दुखंल," तिथल्या सिस्टर म्हणाल्या. "एखादीला कणकण येईल. सुईच्या भीतीनं कुणाला चक्कर येते, म्हणून टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवतो."

काहीच होणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. तिथंच रोहिणीला बरं वाटलं.

बाहेर शंभूराज सायकल धरून उभा.

"आता तरी विश्वास बसला?"

"लसीवर, व्हय."

"अन् माझ्यावर?"

"बघू... आधी रोज एक खरं सांगत जा."

त्याचे कान लाल झाले. "आजचं सांगू? आमची म्हैस कधीच आटलीय. डेअरीला मी शेजारच्या छबूबाईचं दूध आणतो. तू असतीस ना... म्हणून."

रोहिणी झटकन वळली अन् भराभरा चालू लागली. तोंडावरचं हसू त्याला कशाला दाखवायचं?

घरी तिचे वडील, तात्या, नवा व्हिडिओ बघत बसले होते. "परवा एक बोलला, आज दुसरंच. ह्या पोराचं काय खरं धरायचं?"

"व्हिडिओचं काहीच धरू नका, तात्या. गाईला लाळ-खुरकुताची लस टोचल्यावर दोन दिवस दूध कमी येतं, म्हणून टोचायचं थांबवता का तुमी?"

तात्यांनी आईकडं बघितलं. आईनं पदराला हात पुसले.

"उद्या मी लस घेणार हाय," रोहिणी म्हणाली. "तुमी दोघं संगं चला, काय विचारायचं ते सिस्टरांना विचारा. अन् आई... त्या शंभूराजशी मी बोलते. दुसऱ्या कुणाकडनं कळण्यापरीस मीच सांगितलं."